काकांची लाल रेघ

माझे काका माणसासारखं बोलत नाहीत, यंत्राच्या पुस्तिकेसारखं बोलतात. चहाचा कप हातात देताना म्हणतील, "इशारा! पेय गरम आहे. कानाला धरूनच उचलावे." आपण हात पुढे केला की, "कपाच्या कानाला. स्वतःच्या नव्हे." काकू वैतागली की मला डोळा मारून पुटपुटणार, "यंत्र तापले आहे. निवेपर्यंत झाकण उघडू नये." पुटपुटणं कसलं, शेजारच्या घरात ऐकू जातं. काकू मग उलथनं घेऊन बाहेर येते आणि काका दोन्ही हात वर करून उभे राहतात. लग्न झाल्यापासून हेच चाललंय आणि दोघांनाही त्याचा कंटाळा म्हणून येत नाही.

त्यांचा तरी काय दोष? आयुष्यभर त्यांनी दुसरं काही वाचलंच नाही. पाण्याचा पंप, इस्त्री, मिक्सर असलं काही विकत घेतलं की खोक्यात एक घडीची पुस्तिका येते बघा, जी तुम्ही-आम्ही न वाचता फेकून देतो. तसल्या पुस्तिका छापणाऱ्या एका छापखान्यात काका टाइप करतात आणि मजकूर तपासतात. खिडकीशी त्यांची खुर्ची, खुर्चीवर काकूनं शिवलेली निळी उशी. "पण काका, ते वाचतंय कोण?" असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "पोरी, ज्याचं अडलंय तो वाचतो. अडलेल्या माणसाला चुकीचं सांगायचं नाही."

मी त्यांची पुतणी. कॉम्प्युटर दुरुस्त करते. बाजारात माझं छोटं दुकान आहे आणि माझी जीभ जरा तिखट आहे, हे गिऱ्हाईकं तुम्हाला सांगतीलच. लोक मशीन आपटतात, वर "आपोआप बिघडलं" म्हणतात, मग माझं डोकं तडकतं. काका मला पक्कड म्हणतात. कोणाच्या घरात काही अडकलं की "बोलवा पक्कडीला."

मागच्या वर्षी काकांच्या मेंदूत एक बारीकशी गुठळी अडकली. देवाची कृपा, वेळेत कळलं. हॉस्पिटलातून ते स्वतःच्या पायांनी घरी आले, पण डावा हात रुसून बसला होता आणि जीभ अडखळत होती. पुस्तिकेची भाषा गेली. घर एवढं गप्प झालं की काकू मुद्दाम भांडी आपटायची. डॉक्टर म्हणाले होते की सगळं हळूहळू सुधारेल, नजरेतला एखादा बारीकसा तुकडा मात्र कदाचित राहून जाईल, बघू या. हे "बघू या" काकांनी मनात कुठे जपून ठेवलं होतं, ते आम्हाला फार उशिरा कळलं.

हाताला व्यायाम हवा, म्हणून मी घरी एक कॉम्प्युटर बसवून दिला. छापखान्यातल्या मशीनवर काकांनी वर्षानुवर्षं जमवलेला त्यांचा स्वतःचा शब्दकोश होता, तोही उचलून आणला. स्वतःचा शब्दकोश म्हणजे काय, तर मशीनला गास्केट, इम्पेलर, फूटव्हॉल्व्ह असले पंपाच्या भागांचे शब्द ठाऊक नसतात. ते दिसले की मशीन चूक समजून खाली लाल नागमोडी रेघ मारतं. आपण शब्दावर उजवी टिचकी द्यायची आणि "शब्दकोशात घाला" म्हणायचं. मशीन तो शब्द आपला मानतं आणि रेघ जाते.

त्या मशीनवर काकांनी पहिला शब्द कुठला टाइप केला असेल? टुमटुम. हे काकूचं नाव. खरं नाही, काकांनी ठेवलेलं. जगात फक्त ते एकटेच तिला टुमटुम म्हणतात, चारचौघांत सुद्धा, आणि ती चारचौघांत लाल होते. आजारात त्यांना हा शब्द धड म्हणताही येत नव्हता. एकेक अक्षर शोधत त्यांनी तो उमटवला आणि खाली लगेच लाल रेघ आली. काकांचं तोंड एवढंसं झालं.

"अहो, हा शब्द त्याला कुठून माहीत असणार?" काकू म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "घालव गं ती रेघ." मी तिचा हात माऊसवर ठेवला, टिचकी कशी द्यायची ते दाखवलं, आणि टुमटुम बाईसाहेब तिच्याच हातानं शब्दकोशात जाऊन बसल्या. काका हसले. घरी आल्यापासून पहिल्यांदा हसले. मी खुशीत दुकानात परतले आणि तो प्रसंग विसरूनही गेले.

पुढे काका सुधारत गेले. बोलणं बरंचसं परत आलं, "इशारा!" परत आला. मग छापखान्याच्या मालकीणबाईंनी एका पंपाच्या पुस्तिकेची पानं घरी पाठवली. काकांनी सावकाश टाइप करायची, तपासायची आणि मेलनं परत करायची. काका रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून स्वयंपाकघराशेजारच्या त्या टेबलाशी बसू लागले. जणू ऑफिसच.

एका शुक्रवारी दुपारी बाईंचा मला फोन आला. आवाज एकदम बारीक.

"अगं, काकांची पानं आलीत. काय सांगू तुला! ओळीओळीला चुका आहेत. 'झाकण फिरवा'च्या जागी 'झकण फरव' लिहिलंय. सगळीकडे. तपासून पाठवलंय म्हणतात."

मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"मी त्यांना कुठल्या तोंडानं बोलू?" बाई म्हणाल्या. "बाबा मला पहिल्यांदा छापखान्यात घेऊन आले, तेव्हा काकांच्याच शेजारी बसवलं होतं त्यांनी. पण मी तरी किती दिवस खुर्ची रिकामी ठेवणार? काम तुंबलंय. सोमवारी त्यांना इकडे घेऊन ये. माझ्यासमोर एक पान करू देत. तेही असंच निघालं, तर मला दुसरा माणूस बघावा लागेल गं."

शटर ओढून मी तडक काकांकडे गेले. वाटेत खुद्द काकांचाच फोन. "पक्कड, बाईंचा निरोप आलाय. सोमवारी छापखान्यात जायचंय ना? येताना माझी उशी परत आणायची. लक्षात ठेव." म्हटलं, उसवली असेल. कापूस बदलायचा असेल.

मी पोचले तेव्हा काका फिरायला गेले होते. बरंच झालं. मी मशीन उघडलं आणि पान समोर घेतलं. झकण फरव. खलच बजू. आणि एकाही शब्दाखाली रेघ नाही! मशीन कसं शहाण्यासारखं गप्प.

आमच्या कळफलकावर काना, मात्रा, वेलांट्या सगळ्या डाव्या हाताला येतात. काकांचा डावा हात अजून हळू, त्यामुळे अक्षर उमटतं आणि काना राहून जातो. इथपर्यंत समजण्यासारखं होतं. पण मशीनला काय धाड भरली होती? तपासणी बंद आहे का बघितलं, तर चालू. मजकुराला भलतीच भाषा लागलीय का बघितलं, तर भाषा बरोबर. "या मजकुराची तपासणी करू नये" अशी खूण कुणी केलीय का, तर नाही. शेवटी रागानं वाटेल ते खरडलं, कखगघढ, आणि पटकन लाल रेघ आली. म्हणजे मशीन ठणठणीत होतं, फक्त काकांच्याच चुका त्याला दिसत नव्हत्या. मग राहिला एकच संशयित.

मी शब्दकोश उघडला. वर गास्केट, इम्पेलर, फूटव्हॉल्व्ह ही जुनी मंडळी. मग टुमटुम. आणि टुमटुमच्या खाली झकण. फरव. खलच. बजू. धक. पंपाच्या पुस्तिकेत शब्द असतात तरी किती, पुन्हा पुन्हा तेच. काकांची झाडून सगळी चुकलेली पिल्लं तिथे सुखानं नांदत होती.

मी कपाळावर हात मारला.

"काकू!"

काकू स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती. शेजारी ताई, म्हणजे काकांची मुलगी, माहेरपणाला आलेली. मी दारात उभी राहून विचारलं, "शब्दकोशात हे कोणी घातलं?"

काकू शेंगांकडे बघायला लागली. ताई छताकडे.

"अगं, त्यांचा चेहरा बघवत नव्हता मला," काकू शेवटी म्हणाली. "एवढासा शब्द लिहायचे आणि खाली लाल. पुढचा लिहायचे, परत लाल. शाळेत मार खाल्लेल्या मुलासारखे बसून राहायचे. तू शिकवलं होतंस ना ते टिचकीचं? मग ते आंघोळीला गेले की मी बसायची आणि दिसेल ती रेघ घालवायची. दुसऱ्या दिवशी तेवढ्या कमी दिसायच्या. म्हटलं, तेवढाच हुरूप येईल माणसाला."

"आई, तू?" ताई ताडकन उठली. "मला वाटलं मीच करतेय! मी रविवारी आले की करून जायची!"

"तू पण?"

"मग? मला वाटायचं, मी एवढं घालवते तरी बाबांचं पान आधीच स्वच्छ कसं! वाटलं, बाबा सुधारतायत!"

"आणि मला वाटलं की सोमवारी ते जास्त सुधारतात," काकू म्हणाली.

मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी ओरडले. "अगं पण ती पानं छापायला जातात!"

"तिकडे कोणीतरी तपासत असेलच की."

"तपासणारे तेच आहेत, काकू!"

काकूच्या हातातली शेंग खाली पडली. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग मी बाईंचा फोन सांगितला, सोमवारचं सांगितलं, खुर्चीचं सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला माझ्याच तिखट जिभेची चीड आली.

आता करायचं काय? ते शब्द काढून टाकावेत, तर उद्या उघडल्याबरोबर सगळं पान लाल होणार आणि काकांना वाटणार, आपलं पुन्हा बिघडलं. तसंच ठेवावं, तर सोमवारी खुर्ची गेलीच. ताई म्हणाली, थोडे थोडे काढू. मी म्हटलं, मध्ये दोनच दिवस आहेत, थोडे थोडे कसले काढतेस? काकू म्हणाली, मी बाईंच्या पाया पडते. आमचा आवाज चढत गेला आणि काका कधी आत आले ते कोणाला कळलंच नाही. चपला हातात घेऊन ते दारात उभे होते.

"काय घातलं शब्दकोशात?" त्यांनी विचारलं.

शेवटी पक्कडच ती. मी सगळं सांगितलं, अगदी पहिल्या टिचकीपासून.

काका दोन पावलं आत आले. चपला खाली ठेवल्या. मग हलकेच म्हणाले, "म्हणजे रेघा नव्हत्याच?"

"नव्हत्याच, काका."

"खरंच नव्हत्या? की मला बरं वाटावं म्हणून सांगतेस?"

"अहो, मी रोज सांगत नव्हते का, एकही रेघ नाही म्हणून?" काकू हुंदका गिळत म्हणाली.

"तू सांगायचीस. मला वाटायचं, माझं मन राखायला खोटं बोलतेस." ते खुर्चीवर बसले. "आधी दिसायच्या मला रेघा. मग रोज कमी कमी दिसायला लागल्या. हात तर काही एवढा सुधारला नव्हता, तो मला कळतो. मग रेघा कमी कशा? डॉक्टर म्हणाले होते ना, नजरेतला तुकडा राहील. म्हटलं, तो हाच. मला झाकणावरचा काना दिसत नव्हता. पण काना खरंच नसता, तर मशीननं रेघ मारली असती. रेघ तर नाही. म्हणजे एक तर काना आहे, नाही तर रेघ आहे, आणि जे आहे ते मलाच दिसत नाही. लाल बादली दिसते, टोमॅटो दिसतो, फक्त रेघ दिसत नाही! ज्याला रेघ दिसत नाही त्यानं तपासायला बसायचं कशाला? म्हणून म्हटलं, सोमवारी बाईंना सांगून टाकावं. आणि उशी परत आणावी."

उशी! एवढे दिवस हा माणूस आंघोळ करून, शर्ट घालून त्या टेबलाशी बसत होता, मनात हे घेऊन, आणि आम्हाला चहाचे इशारे देत होता. काकूला त्रास नको म्हणून तो गप्प, आणि त्याला त्रास नको म्हणून काकू गप्प. दोघंही मूग गिळून बसले होते.

"पक्कड," काका म्हणाले, "काढ सगळे. आत्ता. माझ्यासमोर."

मी शब्दकोशातून टुमटुमच्या खालचं सगळं निवडलं आणि पुसलं. मग पान उघडलं. अरे बाप रे! वरपासून खालपर्यंत रेघाच रेघा. काकूनं डोळ्यांवर हात घेतला. ताईनं मान फिरवली. आणि काका? काका खुर्चीतून अर्धे उठले, नाक पडद्याला लावलं, आणि असे ओरडले की शेजारची बाई गॅलरीत आली.

"दिसतेय! टुमटुम, दिसतेय मला! ही बघ! ही पण! इथे काना नाहीच आहे, मी म्हणत होतो की नाहीये! अगं, केवढ्या चुका केल्यात मी! बघ तरी!"

चुकांवर इतका खूश झालेला माणूस मी पाहिलेला नाही. ते एकेका शब्दावर बोट ठेवत होते आणि हसत होते, हसता हसता डोळे पुसत होते. काकूला त्यांनी ओढून शेजारी बसवलं. "मोज," म्हणाले. ती म्हणाली, "नाही मोजत, मेलं!" आणि ती सुद्धा हसायला लागली. ताईनं मला मिठी मारली. मी म्हटलं, सोड, दुकान उघडं... दुकान बंद होतं, पण तेवढ्या वेळी दुसरं काही सुचलं नाही.

शनिवार-रविवार काकांनी आम्हाला टेबलाजवळ फिरकू दिलं नाही. डाव्या हाताची बोटं दमली की उजवा हात पलीकडे जाऊन काना लावून यायचा. रेघ दिसली की आतून आवाज यायचा, "सापडलीस!" काकूला मशीनला हात लावायची बंदी. ती आंघोळीच्या वेळीही नुसती दुरून बघायची.

सोमवारी मी त्यांना छापखान्यात घेऊन गेले. खिडकीशी खुर्ची होती, खुर्चीवर निळी उशी होती, पण टेबलावर मशीन नवं. काकांनी पान टाइप करायला घेतलं. गास्केट लाल. इम्पेलर लाल. फूटव्हॉल्व्ह लाल. घरचा शब्दकोश मी आल्या आल्या जोडला होता, पण नव्या मशीनवर त्याच्या नावापुढची 'वापरा'ची खूण करायची राहिली होती, त्यामुळे बिचारा असून नसल्यासारखा. माझं एका टिचकीचं काम. बाई मागे हाताची घडी घालून उभ्या होत्या आणि पान रंगपेटी सांडल्यासारखं दिसत होतं. मी हात पुढे केला.

"इशारा," काका मान न वळवता म्हणाले. "यंत्र चालू असताना बोटे आत घालू नयेत."

मी हात मागे घेतला. काका शांतपणे वरून सुरुवात करून खाली आले. गास्केटपाशी थांबले, "हा आपला," टिचकी दिली, शब्दकोशात घातला. 'झकण'पाशी थांबले, "हा नाही आपला," आणि डाव्या हातानं सावकाश काना लावला. आपला, आपला, नाही आपला. वेळ लागला, खोटं कशाला सांगू. बाजूच्या मशीनवर दुसऱ्या कोणीतरी दोन पानं उरकली. पण एकेक करून सगळ्या रेघा गेल्या. मग काकांनी पान छापून घेतलं, कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि मशीनला न विचारता पुन्हा पहिल्यापासून वाचला. एक स्वल्पविराम हलवला.

बाईंनी पान हातात घेतलं. वाचून झालं तरी त्या कागदाकडेच बघत होत्या.

"काका, सकाळची अर्धी पाळी झेपेल?" त्यांनी विचारलं. "हात दमला की घरी जायचं. पण यायचं रोज."

काका उशीवर जरा मागे सरकून बसले. "बघू या," म्हणाले. मग त्यांनाच हसू फुटलं. "येतो हो, येतो. उद्यापासून येतो."

उशी अर्थातच तिथेच राहिली. मी नवा कापूस तेवढा भरून दिला.

निघताना म्हटलं, आता शब्दकोशाची खूण तरी करून देते. केली. मग काकांनी शब्दकोश उघडायला लावला आणि एका शब्दावर बोट ठेवलं. "हा काढ."

"काका, हा तर टुमटुम! हा बरोबर आहे ना?"

"काढ म्हणतो ना."

मी काढला. घरी काकूला सांगितलं तेव्हा तिनं उलथनंच उचललं. "माझ्या नावाखाली रोज लाल रेघ? सगळ्या छापखान्यासमोर? मी काय चूक आहे का?" काका दोन्ही हात वर करून उभे राहिले. पण शब्द काही परत घालू दिला नाही.

परवा कामासाठी सकाळी छापखान्यात गेले होते. काका नुकतेच येऊन बसत होते. उशी सारखी केली, चष्मा पुसला, मशीन चालू केलं आणि कोऱ्या पानावर सगळ्यात आधी एकच शब्द टाइप केला. टुमटुम. खाली लाल रेघ उमटली. तिच्याकडे त्यांनी जरा वेळ पाहिलं, तोंडभर हसले आणि मग शब्द पुसून कामाला लागले. त्यांच्या पडद्याच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवलेली होती. त्यावर डाव्या हाताच्या वाकड्या अक्षरात, काना-मात्रेसकट, लिहिलं होतं:

"सूचना. काम सुरू करण्यापूर्वी ही दिसते का, ते पाहावे. न दिसल्यास घरी फोन करून तिला विचारावे. ती खरे सांगते."